उरल्यासुरल्यांचं बोर्डिंग

मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. म्हणोत बापडे. डिगंबरा, मेहरूणच्या तळ्यावर तू अर्धवट टाकलेलं भांडण मी काही सोडणार नाही. इतकी वर्षं तुला फुरसत नव्हती. "सांगीन रे भो, एकदा निवांत बसू, मंग सांगीन," असं म्हणत राहिलास. बस आता निवांत. तुला आता केळीला पाणी द्यायचं नाही की गाडीची वेळ गाठायची नाही. मला मात्र उद्या शाळेत जायचंय, खडू धरून मुलांपुढे उभं राहायचंय.

परवा आपला रामनाथन आला तेव्हा मी वर्गावर होतो. खिडकीतून तो दिसला आणि मी चक्क हसलो. म्हटलं, रेल्वेतला माणूस कामाच्या दिवशी भुसावळ सोडून पाचोऱ्याला उतरतो म्हणजे बढती मिळाली असणार, पेढे आणले असतील. तो दारात आला आणि म्हणाला, "गुलाब, चल. डिगंबर गया." मी विचारलं, "कुठे गेला?" खरंच विचारलं रे. तू आजारी होतास हे ठाऊक होतं मला. पण मुदतीचा ताप आहे, मुदत भरली की उतरेल, काळजी करू नको, असा निरोप तूच धाडला होतास ना? तुझ्या निरोपांचा हा असा भरवसा!

रडू नंतर आलं. आधी रागच आला.

आपल्या कॉलेजात तेव्हा सगळा खानदेश येऊन बसला होता. तुमचे केळीवाले पाटील-चौधरी, कपाशीवाले मराठे, गुजर, जळगाव गावातले ब्राह्मण नि मारवाडी, नशिराबादचे मुसलमान, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली देशोदेशीची पोरं. मुली बोटांवर मोजण्याइतक्या, त्या सरांच्या मागून वर्गात यायच्या आणि सरांच्या मागूनच जायच्या. स्नेहसंमेलनात प्राचार्य कौतुकानं सांगत होते, "आपल्या कॉलेजात अठरापगड जातींची मुलं एका बाकावर बसतात!" टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेला एक दांडगा, तेल चोपडलेला मुलगा माझ्या कानाशी पुटपुटला, "अन् जेव्याले कुठी बसतात, ते बी सांगा म्हना." मी फिस्सकन हसलो, पुढच्या रांगेतल्या सरांनी वळून पाहिलं, आणि तू असा चेहरा केलास की हसलो तो मीच एकटा. ती आपली पहिली ओळख.

बाकावर एकत्र बसायचो यात खोटं काही नव्हतं. पण घंटा झाली की ज्याचा तो आपापल्या बोर्डिंगाकडे. त्या काळी समाजासमाजानं आपल्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली होती. वाईट केलं असं मी मेल्यावरही म्हणणार नाही. खेड्यातल्या पोराला शहरात घर मिळायचं, दोन वेळचं जेवण मिळायचं, आपल्या बोलीत रागे भरणारं माणूस मिळायचं. किती पोरं शिकली त्यावर! प्रश्न होता तो ज्यांचं कुठेच बसत नव्हतं त्यांचा.

मी तडवी. सातपुड्याच्या पायथ्याचा. नमाजही आमचा आणि डोंगरही आमचा. मुसलमान मुलांच्या बोर्डिंगात गेलो तर म्हणाले, तुम्ही तडवी म्हणजे भिल्लांतले, तुमची सोय तिकडे आश्रमात आहे. आश्रमात गेलो तर म्हणाले, तुम्ही मुसलमान, तुमची सोय तिकडे बोर्डिंगात आहे. दोन्हीकडे चहा पाजला हो! वाईट कुणीच बोललं नाही. रामनाथनच्या वडिलांची बदली झाली, क्वार्टर गेलं, आणि मद्रासी मुलाला ठेवून घेणारं बोर्डिंग जळगावात कुठून असणार? जयसिंग थेट तळोद्याकडून आलेला भिल्ल, तो पोचेपर्यंत आश्रमातल्या जागा भरलेल्या. अशा आम्ही तिघांनी जिनिंगच्या मागे दोन खोल्या धरल्या. भातात कापसाचे तंतू पडायचे, अंथरुणाला सरकीचा वास यायचा.

आणि एक दिवस तू ट्रंक डोक्यावर घेऊन दारात उभा! तुला बोर्डिंग होतं. चांगलं, पक्कं, विहिरीचं, तुपाचं. तुझ्या काकांनी त्याला देणगी दिलेली. घरमालकानं तुला विचारलं, "तुम्ही कोणत्या समाजाचे?" तू आम्हा तिघांकडे पाहून म्हणालास, "उरल्यासुरल्यांचा." तेव्हापासून आपल्या खोल्यांचं तेच नाव पडलं. उरल्यासुरल्यांचं बोर्डिंग. वर्गातली मुलं चिडवायला म्हणायची, आणि तू आपला ऐटीत पत्ता सांगायचास.

पहिली फजिती आठवते का? आपल्याला एकमेकांचं सोवळं माहीत नव्हतं, म्हणून जो तो दुसऱ्याचं सोवळं पाळत बसला. तू माळकऱ्याच्या घरचा, म्हणून जयसिंगनं सुकटीची पुरचुंडी ट्रंकेच्या तळाशी दडवली. रामनाथन मद्रासी बामण, म्हणून तू कांदा-लसूण घरात येऊ दिला नाहीस. मला हिंगाचा वास सोसत नाही असं रामनाथनला कुणीतरी सांगितलं होतं, त्यानं हिंगाची डबी बाहेर काढली नाही. आणि मी पाण्याच्या हंड्याला हात लावत नव्हतो. तहान लागली की रामनाथनला म्हणायचो, "वाढतोस का जरा?" मीठ-हळदीची खिचडी. सकाळी तीच, संध्याकाळी तीच. जयसिंग ताटाकडे बघून म्हणायचा, "आज बी तेच शे?" आणि आपण सगळे एकमेकांसाठी त्याग केल्याच्या आनंदात ती गिळायचो.

मग त्या दिवशी स्टेशनावर रामनाथन सापडला. भजीवाल्याच्या गाड्याआड उभा राहून कांदाभजी खात होता आणि वर कच्चा कांदा! तू त्याचा कानच धरलास. "काऊन रे, तू कांदा खातं?" तो बिचारा तोंड भरलेलं तसंच म्हणाला, "मैं तो खाता हूँ यार! तुम लोग नहीं खाते ना!" भर स्टेशनावर आपण पोट धरधरून हसलो. घरी आल्यावर सगळ्यांच्या ट्रंका उघडल्या, हिंग बाहेर आला, सुकट बाहेर आली. तू तेवढी सोडलीस, बाकी सगळं खाल्लंस. आणि मग मला हंड्यापाशी ओढत नेलंस, माझ्या हातात तांब्या देऊन मनगटापर्यंत हात पाण्यात बुडवलास. "झाला? बाटला आता हंडा. पे पानी." मी पाणी प्यालो. तू माझ्याच तांब्यातलं उरलेलं प्यालास. हे मी तुला कधी बोललो नाही, डिगंबरा. आज बोलतो. त्या पाण्याची चव अजून तोंडात आहे.

त्या दिवसापासून घरचा कायदा ठरला, कांद्याबिगर घास नाही.

आबा आले ते चैत्रात, परीक्षेच्या तोंडावर. जळगावचं चैत्रातलं ऊन तुला सांगायला नको. केळीची एक मोठी फणी खांद्यावरच्या पंच्यात बांधून तुझे वडील स्टेशनापासून चालत आले आणि बाहेरच्या पायरीवर टेकले. आत या म्हटलं तर म्हणाले, "इठंच बरं हाये, वारा लागते." वारा कसला, झळा होत्या. मी हंड्यातून तांब्या भरून आणला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं. "राहू दे रे बापा. तहान नई. टेसनावर पेलो." ओठ तर वाळून पांढरे पडले होते. अपमान केला नाही त्यांनी, आवाजही चढवला नाही. तू उंबऱ्यात उभा होतास आणि सगळं बघत होतास.

"तुले काय कमी पडलं तठी?" आबांनी विचारलं.

"काही नई."

"मंग?"

"इठं मले बरं वाटते, आबा."

बस. एवढंच बोलणं. त्यांनी केळी पायरीवर ठेवली, पागोटं नीट केलं आणि उन्हात चालायला लागले. तू पोचवायला गेलास आणि परत आलास तेव्हा तुझे डोळे लाल होते. मी तांब्यातलं पाणी परत हंड्यात ओतायला लागलो, तर तू खेकसलास, "ओतू नको, कोनी तं पे!"

त्यानंतरच्या थंडीत आपण मेहरूणला बोरं खायला गेलो आणि तिथे मी तुला धरलं. 'बरं वाटते' हे काय उत्तर झालं? मी म्हणालो, तुझं इथं राहणं हौसेचं आहे. तुझ्या मागे दार उघडं आहे. उद्या कंटाळलास तर ट्रंक उचलशील नि जाशील, तुला ओवाळून आत घेतील. आम्ही तिघं कुठं जाणार? आमच्यात राहून तू आमच्यासारखा होत नाहीस. तू पाहुणा आहेस, डिगंबर, गोड पाहुणा. तू बोरांच्या आठळ्या पाण्यात फेकत होतास. शेवटी म्हणालास, "मंग काय करू? दार लावून घेऊ?" मी म्हणालो, "लावून दाखव." तू उरलेली बोरं खिशात घालून घराकडे चालायला लागलास. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून स्वयंपाक केलास आणि पिठल्यात इतका कांदा घातलास की पीठ शोधावं लागलं.

आणि गेलासच की शेवटी! बी.ए. झालास, ट्रंक उचललीस, सावद्याला आपल्या केळीत गेलास. मी मास्तर झालो पाचोऱ्याला, रामनाथन रेल्वेत लागला, जयसिंग आपल्या डोंगरात शाळा चालवतो. माझं खरं झालं म्हणून मला आनंद झाला असेल असं वाटतं तुला? भुसावळच्या फलाटावर भेटलो तेव्हा मी टोमणा मारला, "काय मग, दार उघडंच होतं ना?" तू हसला नाहीस. म्हणालास, "तू लय दार-दार करतं, गुलाब. पर आमच्या दारात एकदा तरी आला का रे? किती डाव बलावलं." मी म्हणालो, "आबांचं बोलावणं येऊ दे, येतो." तुझी गाडी आली. दांडी धरून ओरडलास, "तू ये तं खरं, तठीच सांगतो तुले समदं!"

तुझ्या दारात आलो रे मी. परवा आलो.

निघताना माझ्या बायकोनं भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं, फडक्यात बांधलं. "मयताच्या घरी चूल पेटत नाही. रिकाम्या हातानं जाऊ नये." हा कडू घास असतो, तो सोयऱ्यांनी न्यायचा असतो, त्या घरी आमच्या हातचं पाणी चालत नाही, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू? गाठोडं मांडीवर घेऊन गाडीत बसलो. भुसावळ गेल्यावर रामनाथन हळूच म्हणाला, "गठरी मेरे पास दे. मैं बोलूँगा अम्मा ने भेजा है. बामन के घर का कोई मना नहीं करेगा." चांगल्या मनानं म्हणाला तो. मी गाठोडं दिलं नाही, आणि नकोही म्हणालो नाही.

पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. तुला सकाळीच नेलं होतं. तुझं तोंडही बघायला मिळालं नाही, डिगंबरा.

अंगण माणसांनी भरलेलं. आबा ओट्यावर खांबाला टेकून, उघड्या डोक्यानं बसलेले. तुझे काका पुढे आले. रामनाथननं सांगितलं, कॉलेजातले आहोत. काकांनी गाठोड्याकडे बोट केलं, "हे काय?" मी म्हणालो, "कडू घास." ते म्हणाले, "सोयऱ्यायचं आलेलं हाये. ठेवा तठी बाजूले." तसं तेही वाईट बोलले नाहीत. मी गाठोडं ठेवायला वाकलो तोच आतून बायकांच्या घोळक्यातून तुझी आई बाहेर आली. दोन बायकांनी धरली होती तिला.

"कोनाच्या घरचं हाये?"

रामनाथननं तोंड उघडलं. त्याच्याआधी मीच बोललो. "माझ्या घरचं, माय. मी गुलाब. गुलाब तडवी. माझ्या बायकोनं केलंय."

काका खाली बघायला लागले. माय माझ्याकडे बघत राहिली, मग तिथंच जमिनीवर बसली. स्वतःच्या हातानं गाठ सोडली, भाकरी उलटीसुलटी करून पाहिली, पिठल्याचं भांडं उघडलं.

"कांदा नई आनला?"

कुणाला काही कळेना. एक म्हातारी म्हणाली, डोक्यावर परिणाम झाला बिचारीच्या. माय तिच्याकडे न बघता मलाच सांगत होती, "हा मले म्हने, माय, आम्ही चौघं जनं कांद्याबिगर घास तोंडात नई घालत. चातुर्मासात बी आयकत नव्हता मेला. मी रागे भरू, तं म्हने, मह्या बोर्डिंगाचा कायदा हाये." मग काकांकडे वळून म्हणाली, "जा, कांदा आना घरातून."

रामनाथन गोठ्याकडे गेला आणि भिंतीला डोकं टेकून मोठ्यानं रडायला लागला. इतका वेळ तोच मला धीर देत होता.

कांदा आला. काकाच घेऊन आले. मायनं तो बुक्कीनं फोडला, भाकरीवर ठेवला आणि हात पुढे केला. "दे. तू दे. सोयऱ्यानं द्याचा असते." मी तिला घास दिला. तिनं तो चावला, गिळला, आणि तोंडाला पदर लावून ओरडली ती अशी ओरडली डिगंबरा, की गोठ्यातली गुरं उठून उभी राहिली.

मग ती आबांना म्हणाली, "तुम्ही बी घ्या."

मी ओट्याशी गेलो. चैत्रातल्या त्या पायरीनंतर आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर आलो होतो. त्यांनी घास घेतला. खाऊन दिवस झाले असावेत, ठसका लागला. बाजूला पाण्याचा तांब्या होता तो मी सवयीनं उचलला आणि त्यांनी ओंजळ धरायची वाट बघत उंच धरला. वरून ओतायला. वरूनच पाणी द्यायची-घ्यायची सवय लागलेली आहे आम्हाला. आबांनी ओंजळ धरली नाही. त्यांनी माझ्या हातातून तांब्या काढून घेतला, तोंडाला लावला आणि सगळ्या भाऊबंदांसमोर घटाघटा पीत राहिले. मिशांवरून, छातीवरून पाणी ओघळत होतं. तांब्या रिकामा करूनच खाली ठेवला.

"लय तहान लागली होती रे बापा," आबा म्हणाले. "कव्हाची."

जयसिंगला हे अजून ठाऊक नाही. त्याच्या डोंगरात तार जात नाही, पुढच्या सुट्टीत मीच जाऊन सांगणार आहे. काय सांगू, कसं सांगू, ते तू असतास तर तुलाच विचारलं असतं. भांडण मात्र मी सोडलेलं नाही. तुझ्या मागे दार उघडं होतं हे माझं म्हणणं आजही तसंच आहे. फक्त ते दार तू इतकी वर्षं आतून कुणासाठी उघडं धरून उभा होतास, ते मला परवा कळलं.

आबांनी तांब्या खाली ठेवला तेव्हा मी लगेच मागे वळलो. तुला दाखवायला. बघ रे, प्याले! मागे रामनाथन डोळे पुसत उभा होता, आणि त्याच्या शेजारी कुणी नव्हतं.